मावा आणि निंबोळी अर्क: फवारणी कुठे फसते

प्रश्न असा आहे: नागपूरला घरामागच्या जागेत वाल, बरबटी (चवळी) आणि वांगी लावली आहेत, शिवाय काटोलकडच्या वावरात संत्र्याला नवती (कोवळी पालवी) फुटली आहे, आणि दोन्हीकडे मावा, म्हणजे झाडाचा रस ओढणारी बारीक कीड, बसलाय. कडुनिंबाचा पाला उकळून दोनदा फवारला, एकदा नीम तेलही मारलं, पण तिसऱ्या दिवशी मावा जिथल्या तिथे. वनस्पतींचे अर्क माव्यावर खरोखर चालतात का? चालत असतील तर कसे करायचे?

चालतात. फवारणी का फसली ते प्रश्नातच दिसतंय. पाला वापरला, तो उकळला, आणि निकाल तिसऱ्या दिवशीच पाहिला.

कडुनिंबातला कामाचा मुख्य घटक म्हणजे अॅझाडिरॅक्टिन. तो सगळ्यात जास्त असतो निंबोळीच्या बीमधल्या गरात. पाल्यात त्या मानाने फारच कमी. उष्णतेने तो मोडतो, म्हणजे पाला उकळला की जे थोडंफार होतं तेही जातं. शिवाय तो अंगावर पडताच कीड मारणारा पदार्थ नाही. तो पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो आणि मादीला होणारी पिल्लं कमी करतो. मोठा मावा त्यानंतरही काही दिवस पानावर बसलेला दिसणारच. फरक दिसायला लागतो पाचव्या ते सातव्या दिवशी, आणि तो आधी दिसतो पिल्लांच्या संख्येत.

माव्याची राहणी लक्षात घेतली तर पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडच्या हवेत माव्याची मादी नराशिवायच थेट जिवंत पिल्लं देते, आणि पिल्लू साधारण ७ ते १० दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं. त्यामुळे एका फवारणीने बहुतेक मावा गेला तरी उरलेला आठवड्या-दोन आठवड्यांत जागा भरून काढतो. दुसरी गोष्ट, मावा पान कुरतडत नाही. तो सोंड आत खुपसून रस ओढतो. पान खाणाऱ्या अळीच्या पोटात पानावरचा अर्क आपोआप जातो, माव्याच्या जात नाही. म्हणून अळीवर निंबोळीचा असर पाहून माव्याकडून तीच अपेक्षा केली की निराशा होते. माव्यासाठी अर्क त्याच्या अंगाला लागला पाहिजे, आणि तो बसतो पानाच्या खाली, कोवळ्या शेंड्यात, फुलांच्या देठाशी. वरून पान ओलं केलं तर काहीच साधत नाही.

आता अर्क. शिफारस आहे ५ टक्के निंबोळी अर्काची. १०० लिटर फवाऱ्याला ५ किलो निंबोळीची भरड आणि २०० ग्रॅम साबण. म्हणजे १ लिटरला ५० ग्रॅम भरड आणि २ ग्रॅम साबण. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ७५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, पण अर्क चांगला की वाईट ते ठरतं निंबोळीवर.

आपल्याकडे निंबोळ्या पिकतात जून-जुलैत, नेमका पाऊस सुरू होतो तेव्हा. ओल्या जमिनीवर चार-पाच दिवस पडून राहिलेल्या निंबोळीला बुरशी लागते, गर आतून तपकिरी-काळा होतो. अशा बियांचा अर्क कडू लागतो, वासही मारतो, पण काम करत नाही. म्हणून झाडाखाली जुनं तरट किंवा जाळी अंथरून पिवळ्या पिकलेल्या निंबोळ्या रोज किंवा एक दिवसाआड गोळा कराव्यात. पाण्यात चोळून वरचा गोड गर काढून टाकावा आणि बिया धुऊन सावलीत, पातळ थरात, हवा खेळेल अशा जागी वाळवाव्यात. जुलैच्या दमट हवेत याला वेळ लागतो; टिनाच्या शेडखाली खाटेवर पसरून दिवसातून दोनदा हलवलं की बुरशी धरत नाही. बी फोडल्यावर गर कटकन तुटला आणि आतून फिकट हिरवट-पिवळसर दिसला की माल तयार. साठवण तरटाच्या पोत्यात किंवा कापडी पिशवीत करावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि महिन्याभरात सगळं बुरसटतं. ३ ते ८ महिने जुनी, नीट वाळलेली बी सगळ्यात चांगली. म्हणजे यंदा जुलैत साठवलेली निंबोळी नेमकी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या माव्याला कामी येते. दोन वर्षांपूर्वीचं पोतं कोपऱ्यात सापडलं तर ते फवाऱ्यासाठी धरू नये.

एक बारीक पण महत्त्वाचा फरक. टरफल काढून नुसत्या गराची भरड केली तर १ लिटरला ५० ग्रॅम पुरते. टरफलासकट बी भरडली तर वजनात गर साधारण निम्माच येतो. तेव्हा भरड दुपटीजवळ घ्यावी, नाहीतर अर्क ५ टक्क्यांचा म्हणवून प्रत्यक्षात अडीचचा होतो. भरडताना मिक्सर सलग चालवू नये. गर तापतो, तेल सुटतं आणि लगदा होऊन पात्याला चिकटतो. थांबून-थांबून, रव्याइतपत जाडसर करावं. भरड आदल्या संध्याकाळीच करावी; करून ठेवलेली भरड लवकर उतरते.

ही भरड पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून संध्याकाळी साध्या थंड पाण्यात भिजवावी. ५ किलोला १० लिटर, ७५० ग्रॅमला दीड ते दोन लिटर पाणी. सकाळपर्यंत, म्हणजे बाराएक तास पुरे. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा पिळायची, असं पाच-सहा वेळा, बाहेर येणारं पाणी दुधाळ दिसेनासं होईपर्यंत. मग दुहेरी मलमलीतून गाळायचं. इथे घाई केली तर नोझल दर दहा मिनिटांनी तुंबतं, आणि माणूस वैतागून नोझल मोठं करतो. मग थेंब जाड पडतात आणि पानाखाली काहीच पोचत नाही. ऑक्टोबरच्या गरमीत अर्क दोन दिवस ठेवला तर आंबतो. सकाळी गाळलेला अर्क सावलीत झाकून ठेवावा आणि त्याच संध्याकाळी संपवावा.

आणि आता ते कारण, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही: पाणी. अॅझाडिरॅक्टिन किंचित आंबट पाण्यात टिकतं, सामू (पीएच, आंबट-क्षारपणाचं माप) ४ ते ६ च्या दरम्यान असेल तर उत्तम. क्षारयुक्त पाण्यात ते झपाट्याने मोडतं. विदर्भात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि क्षाराचं असतं. सामू ८ च्या वर गेलेलं पाणी अजिबात दुर्मिळ नाही. त्यात रात्रभर भिजवलं तर अर्क सकाळीच अर्धमेला असतो. सामू पाहायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. पाणी ७ च्या वर असेल तर चिमूट-चिमूट लिंबूसत घालून ६ च्या आसपास आणावं. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर सगळ्यात चांगलं. साबण स्वतः क्षारधर्मी असतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी, पंप भरताना घालायचा आणि लगेच फवारायचं. साबण घालून दोन तास गप्पा मारत बसलं तर सकाळची मेहनत वाया जाते.

जड पाण्यात साबणाची दुसरीही अडचण होते. बाटलीत थोडं पाणी आणि साबण घालून हलवून पाहा. फेस न होता वर पांढरट साका धरला, तर तो साबण पानावर पसरणार नाही, उलट जाळी तुंबवेल. अशा वेळी रिठा वापरावा. नागपूरच्या इतवारीत किराण्याच्या दुकानात सुका रिठा मिळतो. बी काढून सालं रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून गाळायची आणि ते पाणी फवाऱ्यात थोडा फेस धरेल इतपत घालायचं. पान ओलं होतंय की थेंब मोत्यासारखे घरंगळताहेत, यावर प्रमाण ठरवावं. कपडे धुण्याची पावडर शक्यतो टाळावी. कोवळी पानं कडेने करपण्यामागे बरेचदा तीच असते.

फवारणी संध्याकाळी करावी, ऊन उतरल्यावर. उन्हात अॅझाडिरॅक्टिन एक-दोन दिवसांतच उतरतं. सकाळी दहाला मारलं तर पहिला पूर्ण दिवस उन्हाने खाल्ला. संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात. बारीक, पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल लावावं आणि नळी झाडाच्या बुडाशी नेऊन नोझल वर करून खालून वर मारावं. वालाचा, वांग्याचा शेंडा आधीच आत वळला असेल, तर वळलेल्या पानाच्या आत अर्क पोचत नाही. ते शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवून टाकलेले बरे. परसबागेत फवारणीच्या आदल्या दिवशी सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने पानाची खालची बाजू धुतली तर बराचसा मावा तिथेच खाली पडतो, आणि वरचा चिकट थरही निघतो. दुसरी फवारणी ७ दिवसांनी. मध्ये चांगला पाऊस आला तर पाऊस थांबल्यावर पाहणी करून ठरवा, कारण जोराचा पाऊस स्वतःच मावा धुऊन नेतो. ढगाळ, दमट, गार हवा मात्र त्याला मानवते. तेव्हा पाहणी दोन दिवसांआड हवी.

मावा खूपच वाढला असेल आणि पटकन उतरवायचा असेल तर एकट्या निंबोळीवर थांबू नये. पोटॅशवाला मऊ साबण लेबलवरच्या मात्रेत थेट माव्यावर मारला की तो काही तासांत मरतो, कारण साबण त्याच्या अंगावरचं मेणकट आवरण आणि त्याखालच्या पेशी बिघडवतो. पण साबण वाळला की त्याचं काम संपलं. मागे काही उरत नाही. म्हणून आधी साबण, दोन दिवसांनी निंबोळी अर्क. साबणाने मोठा मावा उतरतो, निंबोळीने उरलेली पिल्लं अडतात.

नीम तेलाबद्दल. तेल पाण्यात आपण होऊन मिसळत नाही, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. आधी ५ ते १० मिली तेल आणि साबणाचं घट्ट पाणी एकत्र करून पांढरं होईपर्यंत घोटायचं, मग हळूहळू पाणी घालत १ लिटर करायचं. वर तेलाचा तवंग दिसला तर फवारू नका. तवंग पंपात शेवटी उरतो आणि शेवटच्या चार झाडांना नुसतं तेल मिळून ती करपतात. २ टक्क्यांच्या वर कधीच जाऊ नये. पारा ३५ च्या पुढे असेल तर तेल मारू नये, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात तेलाचं नाव काढायचं नाही. गंधकाच्या फवारणीच्या मागेपुढे दोन-तीन आठवडे तेल नको. दोन्ही मिळून पान जाळतात. काकडी, दोडका, भोपळा यांची पानं तेल आणि साबण दोन्हीला नाजूक असतात. कोणत्याही नव्या मिश्रणाची आधी दोन झाडांवर फवारणी करून दोन दिवस पाहावं.

तेल घाण्याचं, थंड काढलेलं असावं. गाळून-शुद्ध करून पिवळं, पारदर्शक केलेल्या तेलात अॅझाडिरॅक्टिन जवळपास उरत नाही. ते तेलाचा थर म्हणून थोडं काम करतं, निंबोळी म्हणून नाही. तयार औषध घ्यायचं तर बाटलीवर पीपीएम (दहा लाख भागांत अॅझाडिरॅक्टिनचे किती भाग) पाहा. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. ३०० पीपीएमचं औषध लिटरला ५ मिली घातलं तर फवाऱ्यात दीड पीपीएम अॅझाडिरॅक्टिन जातं. १५०० पीपीएमचं तेवढंच घातलं तर साडेसात. स्वस्त बाटली आणि महाग बाटली यांची तुलना मिलीवर न करता या हिशेबावर करावी. नोंदणी क्रमांक आणि मुदत पाहूनच घ्यावं, मात्रा लेबलप्रमाणे.

इतर वनस्पतींबद्दल थोडक्यात. करंज तेल माव्यावर चालतं, प्रमाण आणि पथ्य नीम तेलासारखंच. लसूण-मिरचीचा ठेचा गाळून फवारला तर मावा थोडा हटतो, पण असर दोन दिवसांपुढे जात नाही. हात आणि डोळ्यांची आग मात्र नक्की. दशपर्णी अर्काची (दहा प्रकारचा पाला आंबवून केलेल्या अर्काची) घराघरांत वेगळी कृती असते, महिनाभर आंबवून त्यात काय किती उरतं ते प्रत्येक ड्रममध्ये वेगळं. त्यात लाल कण्हेर आणि रुई असते, आणि कण्हेर हृदयावर परिणाम करणारं विष आहे. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) यांच्यावर असा अर्क मारूच नये. सीताफळाच्या बियांची भरड करताना कण डोळ्यात उडाला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चष्मा आणि हातमोजे नसतील तर त्या वाटेला जाऊ नका. शेवंतीच्या फुलांचा काढा काहीजण सुचवतात. कीटकनाशक पायरेथ्रम ज्या फुलापासून निघतं ती पांढऱ्या फुलांची वेगळी जात आहे, हार-गजऱ्याची शेवंती नव्हे.

तंबाखूचं पाणी मात्र स्पष्टपणे नको. निकोटीन मावा मारतं यात शंका नाही, पण ते कातडीतून अंगात भिनतं. फवारणाऱ्याला मळमळ, चक्कर, घाम सुरू होतो. दुसरं नुकसान पिकाचं: वाळलेल्या तंबाखूत तंबाखू मोझॅक विषाणू जिवंत राहू शकतो आणि तो मिरची, टोमॅटो, वांगी यांना लागतो. भिवापूरकडे मिरचीच्या रोपांवर हे पाणी मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने रोग लावणं.

विषाणूची गोष्ट निघाली तर हेही सांगायला हवं. पपईचा रिंगस्पॉट, काकडीवर्गीय पिकांचा मोझॅक यांसारखे रोग मावा काही सेकंदांच्या टोचण्यात पसरवतो. बाहेरून उडत आलेला मावा अर्क लागून मरेपर्यंत थांबत नाही, त्याआधीच त्याने रोग दिलेला असतो. त्यामुळे पपईत निंबोळी अर्काने मावा कमी होईल, रोग थांबेलच असं नाही. तिथे रोपवाटिकेवर जाळी आणि रोगट झाड दिसताच उपटून टाकणं हेच खरे उपाय. संत्र्यातही काळा-तपकिरी मावा ट्रिस्टेझा विषाणू पसरवतो, म्हणून कलमं निरोगी मातृवृक्षाची असणं फवारणीपेक्षा मोलाचं.

संत्र्यावर वेळ नेमकी धरावी. मावा जुन्या, कडक पानाला विचारत नाही. त्याला आंबिया आणि मृग बहाराची कोवळी नवती हवी असते. नवती बोटाच्या पेराएवढी झाली की पहिली फवारणी, सात-आठ दिवसांनी दुसरी. त्याच वेळी सायला या दुसऱ्या रस ओढणाऱ्या किडीची पिल्लंही तिथेच असतात, त्यांच्यावरही याच अर्काचा उपयोग होतो. पानं पसरून कडक झाल्यावर मारलेला अर्क फुकट. करडईत मावा बांधाकडच्या ओळींपासून सुरू होतो. तेवढा पट्टा लवकर फवारला तर पूर्ण वावर फवारावं लागत नाही. उशिरा पेरलेल्या करडईवर तो हमखास जास्त येतो. कपाशीत सरासरी पानामागे १० मावा ही पातळी गाठेपर्यंत थांबावं, कारण तोवर मावा संपवणाऱ्या मित्रकिडी बरेचदा काम करून जातात.

मित्रकिडी ओळखता आल्या पाहिजेत. ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, लहानशा मगरीसारखी दिसते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. पानावर तपकिरी, फुगलेला, न हलणारा मावा दिसला तर त्याच्या आत गांधीलमाशीच्या नात्यातला एक अगदी बारीक परजीवी वाढतोय. पाठीवर गोल भोक असेल तर तो बाहेर पडून पुढच्या माव्याकडे गेलाही. चार-पाच माव्यांत एक असा दिसत असेल तर फवारणी आठवडाभर पुढे ढकला. निंबोळी अर्क या मित्रांना बराच सौम्य आहे; साबण आणि तेल मात्र अंगावर पडलं तर ढालकिड्याच्या अळीलाही मारतं. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर आधी ती तोडा, कारण माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या मित्रकिडींना हाकलून लावतात. आणि युरिया हात राखून द्या. लुसलुशीत हिरव्या शेंड्यावर मावा झपाट्याने वाढतो.

सुरक्षिततेचं दोन ओळींत: अर्क झाडपाल्याचा असला तरी तोंडावर रुमाल, हातात मोजे, पूर्ण बाह्या. नीम तेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेलं तर बाळाला जिवावर बेततं. पंप तलावात किंवा नाल्यात धुऊ नका, माशांना ते बाधतं. पालेभाजीला निंबोळीचा कडवटपणा राहतो, म्हणून तोडणीच्या किमान ४-५ दिवस आधी फवारणी बंद.

शेवटी मोजणी. फवारण्याआधी वेगवेगळ्या झाडांचे पाच शेंडे रंगीत दोऱ्याने खुणवा आणि भिंगातून मोठा मावा आणि पिल्लं वेगळी मोजून वहीत लिहा. पानावर पांढरे, कोरडे, सुरकुतलेले कण दिसतील; ते मेलेला मावा नाहीत, पांढरी माशीही नाही, ती माव्याने टाकलेली कात आहे. ती मोजू नका. तिसऱ्या दिवशी फक्त नजर टाका, सातव्या दिवशी पुन्हा मोजा. पिल्लं निम्म्याहून खाली आली असतील तर अर्क चांगला झालाय, दुसरी फवारणी त्याच मापाने करा. मोठा मावा कमी पण पिल्लं तेवढीच असतील तर साबणाने काम केलंय, निंबोळीने नाही. बी फोडून गराचा रंग पाहा आणि पाण्याचा सामू तपासा. मोठा मावा आणि पिल्लं दोन्ही तेवढीच असतील तर अर्क पानाखाली पोचलेलाच नाही. पुढच्या वेळी फवारल्यावर लगेच दहा पानं उलटून पाहा: खालची बाजू ओली आहे की कोरडी.